ब्रोकमधला फुलोरा

कागदाला आवाज असतो, हे ज्याने कधी कान लावून कागद ऐकला नाही त्याला पटायचे नाही. ताराबाईला मात्र ते बत्तीस वर्षे ठाऊक होते. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात, तयार कागद जिथे अखेरचा तपासला जातो त्या लांबलचक दालनात, उत्तरेकडच्या खिडकीखाली ती उभी असे. समोर तावांची थप्पी. डाव्या हाताने थप्पीचा कोपरा उचलायचा, उजव्या हाताची बोटे त्यावरून अलगद फिरवायची, आणि तावामागून ताव पंख्यासारखा उलगडत जायचा. डाग, छिद्र, सुरकुती डोळ्यांना दिसेच. पण डोळ्यांच्याही आधी कानाला कळे. चोख ताव खणखणीत बोलतो. आतून कच्चा असलेला ताव बोलता बोलता घोगरा होतो. तो घोगरा सूर आला की बोटे आपोआप थांबत आणि तो ताव बाजूला पडे.

बाजूला पडलेल्या त्या कागदाला कारखान्यात ब्रोक म्हणत. ब्रोक म्हणजे रद्दी नव्हे. रद्दी बाहेर जाते. ब्रोक परत आत जातो, पाण्यात भिजतो, लगदा होतो आणि पुन्हा नवा ताव होऊन त्याच टेबलावर येतो. नव्या बायांना काम शिकवताना ताराबाई सांगे, "फेकू नोको वं. बाजूले ठेव. देवाच्या घरी कायी वाया जात नाई, आन् इथी बी नाई."

तो कागद बांबूचा होता. रानातला बांबू मालगाड्यांतून येई, यंत्रात चिरडला जाई, शिजे, पांढरा होई आणि ताराबाईच्या बोटांखाली येऊन बोलू लागे. कधी कधी दुपारच्या पाळीत, खिडकीतून उजेड टेबलावर उतरला की, तिला वाटे, आपण कागद नव्हे, बांबूचे रानच पान पान उलटून पाहत आहोत. काय शोधत आहोत, ते मात्र तिने कधी कोणाला सांगितले नाही.

दोन हजार आठ सालच्या आषाढात ती निवृत्त झाली. हार झाला, नारळ झाला, घरी आली. पण बोटे काही निवृत्त होईनात. भाकरी थापताना ती बोटे कडेवरून फिरत. पंचांगाची पाने उगीच उलगडत. आणि पोळ्याच्या सुमारास मूल गावाजवळच्या तलावाकाठच्या माहेराहून भाच्याचा, मिथुनचा, निरोप आला की बाबाच्या डोळ्यांचे काही खरे नाही.

थोरला भाऊ डोमा, मिथुनचा बाप, परसात बाजेवर बसला होता. धिवराचा जन्म, पन्नास वर्षे तलावाच्या पाण्यावरचे चकाकणे वाचून मासा कुठे आहे ते सांगणारा माणूस. ताराबाई समोर येऊन उभी राहिली, तरी त्याने मान इकडे तिकडे वळवून तिला शोधली.

"कसं दिसते, भाऊ?"

"पोंगळीतून पाह्यल्यासारखं. बांबूची पोंगळी डोळ्याले लावली ना, तसं. मधात दिसते, बाजूले कायी नाई. आन् ते बी एकाच डोळ्यानं."

"डाक्टर काय म्हणे?"

"काचबिंदू म्हणे. गेलेलं येत नाई, आहे ते जपा. आता नजर काय कोंबडी आहे, टोपल्याखाली झाकून जपाले?" तो हसला, आणि हसता हसता थांबला. "पोंगळी बारीक होऊन राह्यली, तारा. उन्हाळ्यापावेतो पुरन का नाई, त्याचा भरोसा नाई."

तलावावरून ओला वारा येत होता. डोमाने हळूच विचारले, "तुले आठवते का, बाबानं बांबू फुललेला दाखवला होता?"

आठवत नव्हते कसे! सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचा तो दिवस. ती अकरा वर्षांची, डोमा चौदाचा. बाबा दोघांना हाताला धरून रानात घेऊन गेले होते. बांबू माणसाच्या आयुष्यात एकदा फुलतो, कोणी म्हणे चाळीस वर्षांनी, कोणी म्हणे साठ. फुलतो, दाणा देतो आणि उभ्याउभ्या वाळून जातो. म्हणून बाबांनी त्यांना बांबूच्या बेटाखाली बसवले होते. वर पाने नव्हतीच. होते ते धानाच्या लोंब्यांसारखे वाळके, गवती रंगाचे झुबके. तिला वाटले होते, हे कसले फूल! तेवढ्यात वारा आला आणि डोक्यावर एक आवाज सुरू झाला. बाबा म्हणाले होते, "ऐका. आन् वारा गेल्यावर बी ऐका." तेवढेच. त्याच पावसाळ्यात बाबा तापाने गेले. त्यांचा एकही फोटो कोणाजवळ नव्हता. उरला होता तो दिवस आणि तो आवाज.

"गावात ते पाह्यलेलं कोनी राह्यलं नाई आता," डोमा म्हणाला. "मिथुन म्हणते, तुमी दोघायनं मिळून सपन पाह्यलं. म्या त्याले हाकललं. पण खरं सांगू? बाबाचा चेहरा मले आठवत नाई आता. कधी कधी वाटते, पोट्टं बरोबर बोलून राह्यलं. पन्नास वर्सं होत आली. औंदा-पुढच्या सालात पुन्हा कुठी तरी फुलला पाह्यजे. मले एक डाव दाखव. एकच डाव. दोनदा आस मी नाई लावीन. गेलो आन् नाई दिसलं, तं समजीन का सपनच होतं. बाबाचा तो दिस बी सपनच."

ताराबाई बसमधून परत येताना खिडकीला डोके टेकून बसली. गडचिरोलीपासून सिरोंच्यापर्यंत रान पसरलेले. त्यात एखादे बेट कुठे फुलले असेल, ते कोण सांगणार? सांगणारे पुष्कळ भेटतील, ऐकायचे कोणाचे? नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची आहे, कीर्तनाची त्यानंतर. आधी ऐकणे, मग गाणे. आणि ऐकणे म्हणजे कान उघडे ठेवणे एवढेच नव्हे. कान उघडे तर बाजारातल्या भिंतीचेही असतात. ज्याने अनेक आवाजांतून एक निवडला, त्याचेच श्रवण घडले.

रेल्वे फाटकाजवळ साधनाचे संगणक केंद्र होते. साधनाची आई ताराबाईच्या शेजारच्या टेबलावर ताव निवडायची. त्यामुळे ही पस्तिशीची, दोन मुलांची, जिभेने तिखट बाई ताराबाईला मावशी म्हणत असे.

"या मावशी! तिकीट काढाचं का कुठलं?"

"नाई वं. बांबू कुठी फुलला ते पाहाचं हाये."

साधनाने आधी बाहेर पाहिले, मग ताराबाईकडे. "अवो मावशी, लोकं इथी नोकरीचे निकाल पाहाले येतात. तुमी एकट्याच अशा निघाल्या, बांबूचा निकाल पाहाले!" पण हकीकत ऐकल्यावर ती खुर्ची ओढून म्हणाली, "बसा."

तिने सांगितले, की आता देशोदेशीची माणसे ब्लॉग लिहितात. आपल्याच घराच्या भिंतीवर रोज काहीबाही लिहावे तसे; येणारा-जाणारा वाचतो. वर्तमानपत्रांच्या बातम्याही तशाच येतात. आणि एक रीडर नावाची सोय आहे. एकदा निवडून ठेवले, की दारोदार फिरायला नको. ज्याने नवे लिहिले त्याचे लिखाण आपण होऊन आपल्या दारी येते.

"म्हणजे फेरीच्या भजनावानी?"

"पोस्टमनवानी म्हणा ना! पण एक सांगते. आपलं कनेक्शन म्हणजे बैलबंडी. दोन वाजता लाईन येते, तीनले जाते. लई फीड, म्हंजे असे येनारे लिखाण, जोडले तं पानच उघडत नाई. जोडाचे ते निवडून जोडा."

निवडणे! ताराबाईची बोटे टेबलावर आपसूक हलली.

असा रोज दोन ते तीनचा नेम सुरू झाला. पडद्याकडे फार पाहिले की ताराबाईच्या डोळ्यांना पाणी येई. म्हणून साधना मोठ्याने वाची आणि ताराबाई डोळे मिटून ऐके. उजव्या हाताची बोटे लाकडी टेबलावर फिरत असत. एखाद्या ठिकाणी ती थांबली, की साधना वाचणे थांबवी.

पुण्याच्या एका गृहस्थाचा ब्लॉग होता. रानावर असे लिही, की ऐकताना गुंगी यावी. धुके, पानगळ, पक्ष्यांची शीळ. चार दिवस ताराबाईने ऐकले. पाचव्या दिवशी बोटे थांबली.

"काऊन? एवढं गोड लिहिते बिचारा."

"गोड हाये. पण चार दिस झाले रानात फिरून राह्यला, आन् एकदा बी काटा नाई रुतला त्याले."

एका वर्तमानपत्राच्या फीडवर बातमी आली, की बांबू फुलल्याने उंदीर माजून दुष्काळाचे भय. तीच बातमी, तेच शब्द, गेल्या वर्षीच्या पानावरही निघाले. गावाचे नाव तेवढे बदललेले. तो ताव बाजूला. सिरोंच्याकडचा एक शिक्षक मात्र तेलुगू वळणाच्या मराठीत चार-चार ओळी लिही. एकदा त्याने लिहिले, की मागच्या आठवड्यात मी ज्याला बांबूचा बहर म्हणालो तो बहर नव्हता, मी चुकलो, क्षमा असावी. ताराबाईने डोळे उघडले. "ह्याले राहू दे. ह्याचा ताव वाजते."

बाजूला काढलेले ब्लॉग साधना पुसून टाकणार होती. ताराबाईने तिला थांबवले आणि एक वेगळा कप्पा करायला लावला. नाव काय द्यायचे, असे साधनाने विचारले, तेव्हा मागचा पुढचा विचार न करता ती म्हणाली, "ब्रोक."

भाद्रपदात एक नवा ब्लॉग सापडला. नाव 'घरचा फुलोरा'. धानोरा तालुक्यातली दामिनी नावाची कोणी बाई लिहीत होती. साधनाने वाचले: आज महालक्ष्म्यांसमोर फुलोरा बांधला, वेणी, फणी, करंडा, करंज्या, सासूबाईंनी बांबूच्या कामट्या स्वतः तासल्या...

"थांब," ताराबाई हसून म्हणाली. "आपल्याले बांबूचा पाह्यजे बाई, तेलात तळलेला नाई."

तिच्या लेखी फुलोरा या शब्दाला एकच अर्थ होता: देवीच्या डोक्यावर टांगायची ती तळलेली, खमंग, लोंबती आरास. झाडाला येतो तो फुलोरा पुस्तकात असेल; त्यांच्या घरात कोणी तसे म्हणत नसे. आंब्याला मोहर येई, धान निसवे, बांबू फुले. 'घरचा फुलोरा' ब्रोकमध्ये गेला.

मार्गशीर्ष लागला. शेवटी तीनच आवाज उरले, आणि त्यातला सर्वांत मोठा 'हिरवी चौकट' नावाचा. लिहिणारा मोठा छायाचित्रकार. त्याच्या प्रत्येक पानाखाली शेकडो माणसे वाहवा करीत. एके दुपारी त्याने जाहीर केले: भामरागडच्या रानात बांबू फुलला. खाली छायाचित्र. साधना ओरडलीच. ताराबाईने पाहिले, तेच वाळके झुबके, तोच गवती रंग. तिने तिथूनच मिथुनला फोन लावला. पलीकडून डोमाचा आवाज आला, "कवा निघाचं?"

"परवा, भाऊ."

दुसऱ्या दिवशी ती ते चित्र पुन्हा पाहायला गेली. आनंद दोनदा पाहावासा वाटतो म्हणून. आणि पाहता पाहता तिची नजर चित्राच्या डाव्या कोपऱ्यात उतरली. तिथे एक पान होते, किड्याने अर्धगोल कुरतडलेले, आणि त्यावरून कोळ्याचा एक धागा गेलेला.

"साधना, हा डाग म्या पाह्यला हाये."

"कुठी?"

"आश्विनात तू दाखवलं होतं, त्या परप्रांतातल्या ब्लॉगच्या पानावर. शोध."

साधनाने शोधले. पान होते, कुरतड होती, धागा होता. चित्र तेच, तिथे ते दुसऱ्याच राज्यातल्या, दोन वर्षांपूर्वीच्या रानाचे म्हणून छापलेले.

"मावशी, तीनशे लोकायनं वाहवा केली. कोनालेच दिसलं नाई, आन् तुमालेच काऊन दिसलं?"

"तीनशे जनायनं ताव पाह्यला वं. कोपरा कोनी नाई पाह्यला."

एवढे बोलून ती बाहेर आली, तेव्हा फाटक पडले होते आणि बांबूने भरलेली मालगाडी संथ, न संपणारी, डोळ्यांपुढून जात होती. ती संपेपर्यंत ताराबाई उभी राहिली. मग फोन केला.

"भाऊ, उद्या नाई."

"काऊन? म्या धोतर धुवून ठेवलं."

"ताव घोगरा निघाला, भाऊ."

डोमा म्हणाला, "बरं. तू पाहून-समजून कर. पण पोंगळी आता करंगळीएवढी झाली."

त्यानंतरचे दिवस ताराबाईला जड गेले. सिरोंच्याचा शिक्षक बदली होऊन गेला आणि त्याचा ब्लॉग थांबला. तिसऱ्यावर काही येईना. तिला रात्रंदिवस एकच वाटे: आपण कान फार कडक लावला का? बत्तीस वर्षांत आपल्या बोटांनी चोख ताव कधी बाजूला काढलाच नाही, असे छातीवर हात ठेवून सांगता येईल का? देवा, ऐकण्याचाही अहंकार होतो का रे माणसाला?

पौषातल्या एका दुपारी पान उघडता उघडेना. साधना वैतागली. "मावशी, तुमच्या त्या ब्रोकमधी एकसष्ट ब्लॉग झाले. ते वज्झं काढा, मंग चालन. टाकू का पुसून?"

ताराबाईने होकाराची मान हलवलीच होती. पण बत्तीस वर्षांची सवय आड आली. कारखान्यात ब्रोकची गाडी लगद्याकडे नेण्याआधी ती वरच्या तावांवरून एकदा हात फिरवी. का, ते तिलाही सांगता आले नसते. निरोप द्यावा तसा.

"एकदा वाच. नुसते मथळे."

साधना भराभर वाचू लागली. वाघ दिसला. मोहफुलांचे औषधी गुण. मोहर्लीला कसे जावे. फुलोरा बांधला...

बोटे थांबली.

"काय झालं?"

"आता कोनता महिना हाये?"

"पौष."

"पौषात महालक्ष्म्या कवापासून बसाले लागल्या?"

साधनाने मागे वळून पाहिले आणि ते पान उघडले. चार-पाच ओळीच होत्या. तिने वाचले:

"सासूबाई कार्तिकात गेल्या. पुढच्या भाद्रपदात फुलोरा कोण बांधील, हेच मनात घोळत होते. मला त्यांच्यासारखी वेणी वळता येत नाही. काल घराच्या मागे गेले आणि वर पाहिले. बेटाने बांधला आहे. करंज्या नाहीत, फणी नाही. नुसते धानासारखे झुबके, कांड्याकांड्याला. सासूबाई म्हणायच्या, मी पाहिला होता एकदा. मी त्यांना हसायची."

साधना कुजबुजली, "फोटो नाई, मावशी. एकानंबी वाहवा नाई केली."

"तिले एक चिठ्ठी टाकता येते का?"

"येते ना. फोटो पाठवा म्हणू?"

ताराबाईने डोळे मिटले. दुसऱ्याच्या फोटोने ती एकदा फसली होती. "नाई. एवढंच विचार: वारा येते तवा कसा आवाज येते?"

उत्तर यायला आठ दिवस लागले. दामिनी धानोऱ्याच्या एका कार्यालयात टंकलेखक होती आणि दर गुरुवारी जेवणाच्या सुटीत लिहीत असे. ते आठ दिवस ताराबाई घरी काही वाचत नव्हती, ऐकत नव्हती; उपवासासारखे तिने कान रिकामे ठेवले होते. गुरुवारी दोनला दहा मिनिटे असतानाच ती केंद्राच्या पायरीवर जाऊन बसली. लाईन आली, दिवे लागले. साधनाने वाचायला सुरुवात केली:

"ताराबाईंना नमस्कार. हे कोणी वाचते, असे मला वाटले नव्हते. आवाज विचारलात म्हणून मुद्दाम बेटाखाली जाऊन बसले. झुळूक आली तर काहीच होत नाही. जरा जोराचा वारा आला की वरून सुरू होतो, सुपात धान पाखडावे तसा. पण एक नवल सांगते. वारा थांबला तरी तो थांबत नाही. पाखडणारी बाई हात थांबवते आणि सूप मात्र थोडा वेळ बोलत राहते, तसा तो राहतो. खरा आवाज वारा गेल्यावरचाच आहे."

साधनाने मान वर केली, तर ताराबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि टेबलावरची बोटे थांबली नव्हती. एका तावावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, ती फिरतच होती.

माघातल्या एका सोमवारी बहीण-भाऊ निघाले. डोमाने तेच धुतलेले धोतर नेसले होते. वैनगंगेच्या पुलावर बस आली तेव्हा त्याने विचारले, "पानी हाये का?"

"हाये, भाऊ. दिसत नाई?"

"वास आला. दिसाचं राखून ठेवलं मी."

धानोऱ्याच्या थांब्यावर दामिनी उभी होती. सुती साडी, खांद्यावर पिशवी, तिशी-बत्तिशीची. तिने वाकून दोघांना नमस्कार केला. जंगू नावाच्या ओळखीच्या माणसाची जीप तिने ठरवली होती. बसतानाच जंगू म्हणाला, "बाई, साडेचारले निघा लागन. पाचची एसटी सुटली तं मंग उद्याच."

घर लहान, सारवलेले; मागे परस आणि परसाच्या पलीकडे बेट. ताराबाईने वर पाहिले. सत्तेचाळीस वर्षे मिटली. पान नव्हते, कांड्याकांड्याला ते झुबके, वाळके, गवती, हजारो. देवीच्या डोक्यावर बांधावा तसाच फुलोरा आकाशाच्या खाली बांधलेला. शब्द चुकीचा नव्हता, तिचे ऐकणे अपुरे होते.

"भाऊ, वर पाहा."

डोमाने मान मागे टाकली. इकडे वळवली, तिकडे वळवली. पोंगळी आकाशभर फिरली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "वाळल्या गवतावानी दिसते, तारा. मले कायी समजत नाई."

"तसाच रायते तो. तसंच होतं तवा बी."

"असंन." तो बेटाखालच्या दगडावर बसला. त्याच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच ताराबाईला तो सहन होईना. बहिणीचे मन राखायला भाऊ 'असंन' म्हणतो, ते तिला कळत होते.

वारा नव्हता. माघाची दुपार, पान हलत नव्हते. हलायला पानच नव्हते. दामिनीने चहा आणला. ताराबाईने चहा हातात धरला, प्यायली नाही. चार वाजले. सव्वाचार झाले. जंगूने दुरून एकदा भोंगा वाजवला. दामिनी ओशाळून म्हणाली, "रोज येतो हो या वेळेला वारा. आज काऊन नाई आला, माहीत नाई."

"राहू दे बाई," डोमा म्हणाला आणि दगडावर हात टेकून उठू लागला. "तू इतकं केलं आमच्यासाठी. चाल तारा. झालं."

तो अर्धा उठला होता, तेवढ्यात पलीकडच्या शेतावरून काहीतरी सरकत आल्यासारखे झाले. आधी धुळीची एक रेघ, मग दामिनीचा पदर, मग बेटाचे शेंडे. आणि डोक्यावर कोणीतरी सूप हातात घेतले.

डोमा तसाच, अर्धा उठलेला, थांबला.

पाखडणे वाढत गेले. धान, धान, आभाळभर धान. दोन पोरांच्या डोक्यावर कोणे एके काळी वाजलेले धान. एक झुबका सुटला, फांदीवर आपटला, गिरक्या घेत खाली आला आणि डोमाच्या धोतरावर पडला. त्याने चाचपडत तो उचलला, तळहातावर घेतला आणि डोळ्याजवळ, अगदी पोंगळीच्या तोंडाशी आणला. वाळक्या तुसांच्या मधून एक केसाएवढा बारीक, पिवळा तुरा लोंबत होता.

"दिसते का, भाऊ?"

"दिसते ना," तो म्हणाला. "एवढुसा हाये. पिवळा." मग, जणू कोणी मोठ्या माणसाने दटावले असावे तसा तो घाईने म्हणाला, "चूप. आता वारा जाईन."

जंगूने पुन्हा भोंगा वाजवला. कोणी हलले नाही. वारा शेंड्यांवरून उतरला, शेतावर गेला, धुळीची रेघ दूर दूर गेली. आणि वर, काहीही हलत नसताना, तो आवाज उरला.

"सपन नव्हतं, तारा. बाबाच होते," डोमा म्हणाला.

ताराबाईने त्याच्याकडे पाहिले. एवढी जपून, राखून, बसभर न खर्चता आणलेली नजर. पण त्याने त्या फुलावर मूठ अलगद झाकली होती आणि आपण होऊन डोळे मिटून घेतले होते.